थेंब नेमका कुठून?

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. हा हिशोब जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली ओंजळीत मावेल एवढं एक यंत्र क्षणोक्षणी जमवत असतं, तेही विजेच्या एकाही तारेशिवाय. त्याचं नाव एसयू कार्बोरेटर.

इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी 1905 च्या सुमारास तो काढला. घराण्याचा धंदा जोड्यांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमधला भाताही चामड्याचाच! पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. इंजिन जितकी हवा ओढेल तितका दट्ट्या वर उचलला जातो, त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक नळीतून, वर सरकते आणि त्या हवेला पुरेल इतकंच पेट्रोल बाहेर येतं. इतकी साधी कल्पना इतकी अचूक चालते, याचं मला आजही नवल वाटतं.

पण ही सगळी किमया शेजारच्या फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलच्या पातळीवर अवलंबून असते. पातळी जेटच्या तोंडाच्या किंचित खाली हवी. वर गेली, तर इंजिनाने न ओढताही पेट्रोल वाहू लागतं. तिथली व्यवस्था गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखीच: फ्लोट तरंगत वर आला की एक छोटी सुई पेट्रोलची वाट बंद करते.

म्हणून गळती दिसली की पाना उचलण्याआधी थेंब कुठून आणि केव्हा पडतो, ते पाहावं. चेंबरच्या झाकणावरच्या नळीतून पेट्रोल येत असेल तर संशय त्या सुईवर. बहुतेक वेळा सुई आणि तिच्या सीटमध्ये कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असतो. तो नसेल तर सुईचं टोक भिंगाखाली धरा. वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून तिथे बारीक कडं उमटलेलं दिसतं. अशी सुई घासत बसू नये, सीटसकट बदलावी. जेटच्या खाली ओल असेल तर मामला वेगळा. चेंबरमधून जेटकडे जाणाऱ्या नायलॉनच्या नळीचं रबरी सील दमलेलं असू शकतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि जुनी रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती. गरम गाडी बंद केल्यावरच थोडा वेळ थेंब पडत असतील, तर इंजिनाच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळत असण्याचीही शक्यता आहे.

उरला फ्लोट. कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. जुन्या पितळी फ्लोटचं छिद्र डोळ्यांना दिसत नाही, पण आच बंद करून दूर आणलेल्या गरम पाण्यात तो बुडवला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. आतलं पेट्रोल पूर्ण निघेपर्यंत त्याला डाग देऊ नये, स्फोट होऊ शकतो. आणि डाग दिला तरी, कथिलाच्या त्या ठिपक्याने फ्लोट जड होतो, जास्त बुडतो, सुई उशिरा बंद होते आणि पातळी पुन्हा चढते! एका ठिपक्याचं वजनसुद्धा या यंत्राला कळतं. म्हणून नवा फ्लोट मिळत असेल तर तोच बसवावा. पातळी तपासायची रीत सुंदर आहे: झाकण उलटं धरायचं आणि फ्लोटच्या दांडीखाली एक अष्टमांश इंचाचं ड्रिल बिट जेमतेम बसतंय का, ते पाहायचं.

अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात. गळणारं पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडायला वेळ लागत नाही. तेव्हा पेट्रोलचा वास आला की गाडी लगेच बंद करा, इंजिन निवू द्या, बॅटरीची तार काढा, आणि गळती थांबेपर्यंत स्टार्टर मारू नका.