वर्गाच्या फोटोत कोण नाही?

पहिली-दुसरीतला वर्गाचा ग्रुप फोटो तुमच्या घरात कुठेतरी असेलच. एकदा काढून बघा. कोण कुठे उभं होतं, कोणाचे दात पडलेले होते, सगळं आठवेल. आता आणखी एक आठवा. तुमच्याच गल्लीत एक मूल होतं. त्याला चालायला त्रास व्हायचा, किंवा ऐकू येत नव्हतं, किंवा सात वर्षांचं झालं तरी ते नीट बोलत नव्हतं. ते या फोटोत आहे का?

बहुतेकांच्या फोटोत ते नसतं. ते घरी होतं. आणि त्याच्यासोबत त्याची आईही घरी होती.

आपण ‘समावेशित शिक्षण’ हा शब्द ऐकला की एक रॅम्प, एक व्हीलचेअर आणि ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाचं भाषण डोळ्यांसमोर येतं. पण शाळेचं दार एका मुलासाठी उघडलं, तर प्रत्यक्षात चार-पाच जणांचं आयुष्य बदलतं. ते कसं, हे समजायला आपला वर्धा जिल्हा घ्या आणि त्यातही आष्टी तालुका.

एक मूल घरी, म्हणजे एक रोजी कमी

आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला. ऑगस्ट १९४२ च्या लढ्यामुळे या गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. बाकी सगळं शेतीवर. संत्रा, कपाशी, सोयाबीन. गावं विखुरलेली. मोठं काम निघालं की आर्वी गाठायची, त्याहून मोठं निघालं की वर्धा.

अशा गावात मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल दिवसभर घरी असेल, तर एका मोठ्या माणसाला घरी थांबावंच लागतं. ती बहुतेक वेळा आईच असते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाकीच्या बाया शेतात जातात, ती जाऊ शकत नाही. लग्नाला जाणं बंद, माहेरी जाणं बंद. मोठ्या बहिणीला सांगितलं जातं, ‘आज शाळेत जाऊ नको, भावाकडे बघ.’ असं करत करत तिचीही शाळा सुटते. वर शेजारचे लोक म्हणतात, ‘त्याले शाळेत घालून काय करता?’ हे ऐकून ऐकून आईवडिलांनाही तेच खरं वाटू लागतं.

म्हणून शाळा म्हणजे फक्त अ-आ-इ नाही. रोज पाच तास मूल सुरक्षित जागी, आपल्या वयाच्या मुलांमध्ये असणं, हीच त्या घराला मिळणारी सगळ्यात मोठी मदत आहे. त्या पाच तासांत आई कामाला जाते, बहीण तिच्या वर्गात बसते. आणि मुलाला पहिल्यांदा कोणीतरी खेळायला बोलावतं.

हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ती संख्या २९ लाखांहून जास्त होती. तेव्हा कायद्याने मोजक्याच प्रकारचं अपंगत्व मानलं जायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ प्रकार झाले. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, आणि विदर्भात घराघरांत माहीत असलेला सिकलसेलही आहे.

कायदा काय म्हणतो, ते पाठ करा

हा भाग थोडा रुक्ष आहे. पण उद्या कोणाच्या तरी आईसोबत शाळेत जायची वेळ आली, तर हाच कामी येईल.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या कोणत्याही मुलाला शेजारची शाळा ‘नाही’ म्हणू शकत नाही. मूल दिव्यांग असलं तरी नाही. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी हा मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंत वाढवला. मूल जवळच्या शाळेत जाईल की विशेष शाळेत, हे निवडायची मोकळीकही त्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळेची कर्तव्यं लिहिली आहेत. इमारतीत वावरता आलं पाहिजे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी झाल्या पाहिजेत. मुलाला आणि जास्त आधार लागत असेल तर त्याच्या मदतनिसालाही येण्या-जाण्याची सोय मिळाली पाहिजे.

आता एक बारीक गोष्ट. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचाही पर्याय आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तो आला. पण हा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे, शाळेचा नाही. ‘तुमच्या मुलाला घरीच राहू द्या, नाव पटावर ठेवतो,’ असं कोणी म्हटलं, तर तो समावेश नाही. हजेरीपटावर नाव आणि बाकावर मूल, यात फार अंतर असतं. खरं दुखणं तिथेच आहे.

हे अंतर कमी करायला विशेष शिक्षक लागतो. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. पण एक शिक्षक आणि ढीगभर गावं, असं असलं की भेट महिन्यांवर जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण घालून दिलं : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रशाळांच्या पातळीवर ४८६० पदांना मान्यता दिली. तुमच्या केंद्रातल्या पदावर माणूस आहे का, हे मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना कोणीही विचारू शकतं. तुम्हीसुद्धा.

वर्ध्याला हे नवं नाही

‘असं मूल साध्या वर्गात काय शिकणार?’ असं विचारणाऱ्यांना १९३७ ची आठवण करून द्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला. हातांनी काम करत शिकायचं, पाठांतरावर मूल मोजायचं नाही. ती योजना खास दिव्यांग मुलांसाठी नव्हती. पण विशेष शिक्षक आज वर्गात जे करतात, त्याच्याशी ती किती जुळते बघा. बेरीज पाटीवर जमत नसेल तर बिया मोजून. ‘ओलं-कोरडं’ वाचून कळत नसेल तर मातीत हात घालून. गंमत म्हणजे असं शिकवलं की बाकीच्या मुलांनाही जास्त कळतं.

याच जिल्ह्यात, हिंगणघाटला १९१४ मध्ये बाबा आमटे जन्मले. त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. ज्यांना समाजाने बाहेर काढलं त्यांच्या हाताला काम दिलं, तर माणूस उभा राहतो, हे तिथे दिसलं. दान नको, काम द्या, हा तो विचार. शाळेच्या बाबतीतही तेच लागू होतं. कीव नको, बाक द्या.

अठरानंतर काय?

मूल अठरा वर्षांचं झालं की शाळा संपते आणि बरीच घरं पुन्हा तिथेच येतात. आई आता पंचेचाळीशीत असते, मुलगा तिच्यापेक्षा उंच. रात्री झोपताना तिच्या डोक्यात एकच प्रश्न : आमच्या माघारी काय?

याचं पूर्ण उत्तर कोणाकडे नाही. पण काही पायऱ्या आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व मिळतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. पुढे शिकायचं असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट आहे. या बहुतेक सवलतींची किल्ली एकच, यूडीआयडी कार्ड. ऑनलाइन अर्ज, मग रुग्णालयात तपासणी. खेड्यातल्या अनेक आयांचं घोडं अडतं ते नेमकं त्या ऑनलाइन फॉर्मपाशी.

आणि फोन तर तुमच्या हातात चोवीस तास असतो.

मग तुम्ही काय कराल?

मोठं काही नको. या पाच गोष्टींपैकी एक घ्या.

एक, गल्लीतल्या एका घराचा यूडीआयडीचा अर्ज भरून द्या. अर्धा तास लागेल. तपासणीच्या दिवशी सोबतही जा. एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे, हे त्यांना सांगा.

दोन, लेखनिक व्हा. दहावी-बारावीच्या परीक्षेत ज्यांना स्वतः लिहिता येत नाही त्यांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे नववी आणि अकरावीवाले सगळ्यात कामाचे. ऐनवेळी लेखनिक न मिळाल्यामुळे कोणाचं वर्ष जाऊ नये.

तीन, ग्रामसभेत जा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. गेल्या वर्षी ती कशावर गेली, एवढंच विचारा. प्रश्न सभ्यपणे विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत बसून राहा.

चार, तुमच्या घरीच असं भावंड असेल, तर त्याला लपवू नका. मित्र घरी आले की ओळख करून द्या. आणि तुमची चिडचिड होते, तीही कोणाशी तरी बोला. तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाच, डीएड किंवा बीएडचा विचार करत असाल, तर विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम बघा. या कामाला माणसं कमी आहेत, गरज फार आहे.

यातलं काहीच जमत नसेल, तर येत्या रविवारी त्या घरी जा. दोन तास मुलाजवळ बसा आणि त्याच्या आईला म्हणा, ‘काकू, तुम्ही जरा बाहेर जाऊन या.’ पहिल्या वेळी ती नाहीच म्हणेल. दुसऱ्या रविवारी पुन्हा जा.