‘होली वॉर’ आणि ‘विनिफ्रेड’ : खाणीतली दोन छोटी इंजिनं

लहानपणी ज्या काळ्या पाटीवर आपण अ-आ-इ गिरवलं, तो दगड आठवतोय ना? नीट छिन्नी लावली की पातळ थरांत सुटणारा. युरोपात या दगडाचा मोठा खप होता तो घरांच्या छपरांसाठी. उत्तर वेल्समधल्या पेनरिन आणि दिनॉर्विग या दोन प्रचंड खाणींतून हा माल निघायचा. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्या दगडापेक्षा तो वाहणाऱ्या इंजिनांचं जास्त कौतुक वाटतं. ती कशी होती आणि कशी टिकली, ते थोडक्यात सांगतो.

आधी अडचण समजून घेऊ. दिनॉर्विगची खाण म्हणजे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. एक टन चांगला माल मिळवायला दहा टन किंवा त्याहून जास्त टाकाऊ दगड उचलावा लागे. दोन पायऱ्यांमध्ये उतारावर रूळ टाकलेले असत. भरलेली वाघीण खाली येताना दोराच्या दुसऱ्या टोकाची रिकामी वाघीण वर खेचायची. फुकटची ऊर्जा! पण प्रत्येक पायरीवरच्या सपाट रुळांवर वाघिणी ओढायला आधी माणसं आणि घोडेच होते. तिथे कामाला आली लीड्सच्या हन्सलेट कंपनीची छोटी वाफेची इंजिनं.

वजन साधारण सहा-सात टन. दोन रुळांतलं अंतर सुमारे ५७८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या ६१० मिलिमीटरपेक्षाही कमी. चाकं चारच आणि चारही ओढणारी. सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर, त्यामुळे पकड पुरेपूर. घर्षणाचा गुणांक पाव धरला तर साडेसहा टनांच्या इंजिनाची चाकं न घसरता सुमारे १.६ टन ओढ मिळते. बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, म्हणजे पाण्याचं वजनही पकडीच्या कामी येतं. गंमत अशी, की पाणी संपत आलं की पकडही कमी होते. पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ, म्हणून तीव्र वळणं जमतात. सिलिंडर बाहेरच्या बाजूला, पण व्हॉल्व्ह चालवणारी स्टीफन्सन गिअर आत, फ्रेमच्या मध्ये. थिअरी ऑफ मशीन्सच्या वायवाला हमखास विचारतात, तीच ही! पायऱ्यांवरच्या बऱ्याच इंजिनांना छप्पर नव्हतं. वेल्सचा पाऊस ड्रायव्हरच्या थेट डोक्यावर.

मालक ॲशटन-स्मिथ यांना घोड्यांच्या शर्यतींचा भारी नाद. ‘क्लॉइस्टर’, ‘जेरी एम’ आणि ‘कव्हरकोट’ हे त्यांचे घोडे ग्रँड नॅशनल शर्यत १८९३, १९१२ आणि १९१३ साली जिंकले. तीच नावं इंजिनांना मिळाली.

दुरुस्तीचं वर्कशॉप खाणीच्या पायथ्याशी, १८७० मध्ये बांधलेलं. सुमारे १५.४ मीटर व्यासाचं एक पाणचक्र सगळ्या मशिनी पट्ट्यांवर फिरवायचं. १९२५ मध्ये त्याचं काम पेल्टन व्हीलने घेतलं. फाउंड्री, लोहारकाम, लाकडी पॅटर्न, सगळं जागेवरच. सुटा भाग मोडला की बाहेर ऑर्डर देत बसायचं नाही, ओतायचा आणि बसवायचा.

मग ट्रक आले आणि स्वस्त कौलंही आली. १९०२ मध्ये बनलेलं ‘होली वॉर’ दिनॉर्विगमध्ये नोव्हेंबर १९६७ पर्यंत राबलं. तिथलं हे शेवटचं वाफेचं इंजिन. १९६९ मध्ये खाणच बंद पडली आणि शेकडो कामगार घरी बसले. वर्कशॉपमधल्या मशिनी लिलावात जाणार होत्या, पण त्या जागच्या जागी राखल्या गेल्या आणि १९७२ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. ‘होली वॉर’ पुढे बाला लेक रेल्वेवर प्रवासी ओढू लागलं.

दुसरी गोष्ट ‘विनिफ्रेड’ची. १८८५ मध्ये बनलेलं पेनरिनचं हे इंजिन १९६५ मध्ये अमेरिकेला विकलं गेलं आणि वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिलं. २०१२ मध्ये ते परत आलं, २०१५ मध्ये त्यात पुन्हा वाफ भरली. मात्र त्याला नवा चकचकीत रंग दिला नाही. खाणीतल्या वापराच्या खुणा तशाच ठेवल्या.

खरा प्रश्न इथेच येतो. इंजिन चालवायचं म्हटलं की बॉयलरची तपासणी आली, ठरावीक वर्षांनी नळ्या काढून पूर्ण दुरुस्ती आली. चाकांचे टायर झिजतात, बेअरिंग बदलतात. एकेक करत मूळ भाग निघून जातो. उलट काचेआड ठेवलं तर धातू टिकतो, पण आग कशी पेटवायची, पाण्याची पातळी कशी सांभाळायची, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, ही विद्या माणसांबरोबर संपते. माझं मत विचाराल, तर काही चालवावीत, काही जशीच्या तशी ठेवावीत, आणि बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी. नोंद असली तर निदान कळतं, की समोर उभं आहे त्यात १८८५ चं किती आणि आजचं किती.

वेल्सला जायची ऐपत आपल्यापैकी कितीजणांची? पण पट्ट्यावर चालणारं एखादं जुनं लेथ आपल्याकडेही कुठल्या तरी शेडमागे गंजत असतं. भंगारवाला येण्याआधी त्याची मापं घ्या, ड्रॉइंग काढा, फोटो काढा. आणि सबमिशनच्या गडबडीतून एक दुपार काढून, ते ज्यांनी चालवलंय त्या वर्कशॉपच्या मामांना शेजारी बसवून विचारा. मामा रिटायर झाल्यावर ते ड्रॉइंग वाचून दाखवायला कोणी नसेल.