सोळा गाभ्यांचा सर्व्हर आणि सरासरीचा चकवा

परीक्षेच्या निकालाचा दिवस असो वा सणासुदीच्या तिकिटांचे आरक्षण, संकेतस्थळ कूर्मगतीने चालू लागले की 'सर्व्हरवर ताण आला' एवढ्या एका वाक्यावर सारे समाधान मानतात. तंत्रज्ञांच्या पडद्यावर मात्र अनेकदा भलतेच चित्र असते. प्रोसेसरचा वापर जेमतेम सहा-सात टक्के! यंत्र तर स्वस्थ बसून आहे, तेव्हा दोष नेटवर्कचा, असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होतात. तो निष्कर्ष पुष्कळदा चुकतो.

या चुकीचे मूळ प्रोसेसरच्या बदललेल्या रचनेत आहे. एकेकाळी दर नव्या पिढीतील प्रोसेसर आधीच्यापेक्षा अधिक वेगाने धावत असे आणि जुनी आज्ञावलीही आपोआप जलद होई. वेगाबरोबर उष्णता व विजेचा खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला, तेव्हा ही वाट संपली. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाचा आपला आगामी वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि २००५ पासून दोन गाभ्यांचे (कोअरचे) प्रोसेसर सर्रास बाजारात आले. आज १९२ गाभे असलेला सर्व्हर प्रोसेसरही मिळतो. म्हणजे वेगवान असा एक कारकून ठेवण्याऐवजी बेताच्या वेगाचे अनेक कारकून नेमले गेले. काम वाटून देता आले तरच त्यांचा उपयोग, हे ओघानेच आले.

आता सोळा गाभ्यांपैकी एकच गाभा पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि उरलेले पंधरा रिकामे असतील, तर सरासरी वापर किती दिसेल? अवघा सव्वासहा टक्के. बँकेत सोळा खिडक्या उघड्या आहेत. परंतु प्रत्येक पावतीवर एकाच व्यवस्थापकाची सही लागते, असा हा प्रकार. म्हणूनच निदानाची पहिली पायरी म्हणजे सरासरी बाजूला सारून प्रत्येक गाभ्याचा वापर स्वतंत्रपणे पाहणे. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा चालू असताना १ हा आकडा दाबला, किंवा 'एमपीस्टॅट' ही आज्ञा सर्व गाभ्यांसाठी चालवली, की हे चित्र समोर येते. साधी, फुकटची तपासणी. पण ती टाळून थेट नव्या यंत्राची मागणी नोंदवणारे कमी नाहीत.

एकच गाभा तापलेला आढळला, तर त्यावर कोणते काम चालले आहे ते पाहावे. कधी आज्ञावलीच एका धाग्यावर (थ्रेडवर) चालणारी असते. 'रेडिस' हा लोकप्रिय विदासंच आपल्या आज्ञा मुख्यतः एकाच धाग्यावर पार पाडतो. पायथन भाषेतही एका प्रक्रियेत एका वेळी एकच धागा पुढे जाऊ शकेल असे कुलूप वर्षानुवर्षे होते. त्याविना चालणारी पर्यायी आवृत्ती प्रायोगिक स्वरूपात २०२४ मध्ये आली. कधी आज्ञावली निर्दोष असते. परंतु नेटवर्क कार्डाकडून येणाऱ्या सूचनांचा सारा भार एकट्या गाभ्यावर पडलेला असतो. अशा वेळी तो भार इतर गाभ्यांवर वाटून देण्याने काम भागते.

अधिक गाभे घेतल्याने किती लाभ होईल, याचे गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागतो, असे समजू. सोळा गाभ्यांवर ते काम सोळापट नव्हे, तर ६.४ पट जलद होईल. गाभे दुप्पट करून बत्तीस केले तरी ७.८ पटच. हजारो लावले तरी दहापटीची मर्यादा ओलांडता येणार नाही. त्या दहा टक्क्यांत घट करणे हाच खरा उपाय, आणि तो दुकानात मिळत नाही.

उलट बाजूचा चकवाही आहे. लिनक्सवर गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा 'लोड अ‍ॅव्हरेज' दिसतो. सोळा गाभ्यांच्या यंत्रावर तो वीसवर गेला की घबराट उडते. परंतु १९९३ पासून लिनक्सच्या या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांबरोबरच डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेली कामेही मोजली जातात. डिस्क मंद असेल, तर प्रोसेसर रिकामा असूनही आकडा फुगतो. त्यापेक्षा 'व्हीएमस्टॅट'मधील पहिला स्तंभ अधिक विश्वासार्ह. चालू असलेली आणि प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामे तेवढीच त्यात असतात. ही संख्या गाभ्यांहून सतत अधिक राहिली, तर प्रोसेसर खरोखर अपुरा पडतो आहे.

भाड्याच्या आभासी सर्व्हरवर आणखी एक रकाना पाहायला हवा. त्याचे इंग्रजी नाव 'स्टील', म्हणजे चक्क चोरी! आपले काम तयार असताना त्याच यंत्रावरील शेजाऱ्यांना दिला गेलेला वेळ त्यात नोंदला जातो. तो सतत वाढलेला असेल, तर आज्ञावलीत दोष शोधत बसणे व्यर्थ; सेवा पुरवणाऱ्याशीच बोलावे.

हायपर-थ्रेडिंगची गोष्टही ध्यानात ठेवावी. त्यामुळे आठ खरे गाभे सोळा भासतात, पण क्षमता दुप्पट होत नाही. तेव्हा पन्नास टक्के वापर म्हणजे अर्धे यंत्र शिल्लक, असे मानणे धोक्याचे. शिवाय स्मृतीतून विदा येण्याची वाट पाहत थबकलेला गाभाही 'व्यग्र' म्हणूनच मोजला जातो. दर ठोक्याला किती सूचना पार पडतात, हे 'पर्फ' या साधनाने मोजले की हा फरक कळतो. संख्या एकाच्याही बरीच खाली असेल, तर स्मृतीवर संशय घेण्यास जागा आहे.

या साऱ्याला पैशाची बाजू आहे. अनेक व्यावसायिक विदासंचांचा परवाना गाभ्यांच्या संख्येवर आकारला जातो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने ही पद्धत २०१२ च्या आवृत्तीपासून स्वीकारली. एका धाग्यावर अडलेल्या कामासाठी अधिक गाभ्यांचे यंत्र घेणाऱ्या कंपनीला यंत्राची किंमत मोजावी लागतेच, वर परवान्याचाही भुर्दंड पडतो. अशा कामासाठी कमी गाभ्यांचा, पण प्रत्येक गाभा अधिक वेगवान असलेला प्रोसेसर स्वस्तात काम करून जातो. सर्वच गाभे सारखे तापलेले असतील आणि रांगही हटत नसेल, तर मात्र मोठ्या यंत्राची मागणी खुशाल नोंदवावी.