माळवदाचा गारवा, मातीच्या ओझ्याविना

मे महिन्यात मराठवाड्यातल्या बिलोलीत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, पण घराचा खरा ताप सुरू होतो तो दिवे लागल्यावर. मांजरा नदीच्या वाळूत सिमेंट कालवून ओतलेला स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली ओकत राहतो. कूलर फिरतो, एसी घरघरतो, मीटर पळतो. पत्र्याच्या घरात तर भर दुपारीच भट्टी लागते, कारण पोलाद उष्णतेला क्षणभरही अडवत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांत हा ताप नव्हता. लाकडी तुळयांवर हात-दीड हात जाडीचा मातीचा थर असे. दुपारचे ऊन त्यातून खाली झिरपेपर्यंत रात्र उलटून जाई. पण दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती पडे आणि छपराचे वजन वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, तेव्हा हीच छपरे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली आणि पत्रा व स्लॅब यांचा जोर वाढला. घर हलके झाले, पण तापू लागले.

हलके छप्पर गारही राहू शकते का? याचे उत्तर प्रत्येक फ्रिजच्या भिंतीत भरलेले आहे. तिथला पिवळसर फोम म्हणजे पॉलियुरेथेन. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी त्याचे रसायन शोधले. बांधकामात ‘पफ’ म्हणतात तो हाच. त्यात घन पदार्थ अगदी थोडा, बाकी सगळे वायूने भरलेले सूक्ष्म बंद कप्पे. वायू मुळातच उष्णतेचा मंद वाहक. कप्प्यात कोंडल्याने त्याला फिरताही येत नाही. थर्मोकोलचे तत्त्व तेच, फक्त त्यात साधी हवा असते.

10 बाय 12 फुटांच्या खोलीचा ढोबळ हिशेब करू. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन आठ-नऊ टन भरेल. पाच सेंटीमीटर जाडीचा पफ जेमतेम वीस-बावीस किलोंचा, आणि उष्णतेला त्याचा अडथळा त्या मातीच्या दुपटीहून जास्त. उघड्या स्लॅबमधून भर उन्हात सुमारे एक किलोवॅट उष्णता खोलीत उतरते. म्हणजे दुपारभर हीटर चालू ठेवल्यासारखेच. फोम घातला की ती दीडशे वॅटच्या आसपास येते. एसीला उपसावी लागणारी उष्णताच घटली, की वीजही वाचते.

मातीचा एक गुण मात्र फोममध्ये नाही. फोम उष्णता अडवतो, साठवत नाही. म्हणून त्याची जागा महत्त्वाची. स्लॅबच्या वर फोम, त्यावर जलरोधक थर आणि कोबा घातला, तर खालचे काँक्रीट सावलीत राहते आणि रात्रीचा गारवा धरून ठेवते. हाच फोम आतून छताला लावला, तर स्लॅब वर तापतच राहतो. पत्र्याच्या घरात दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पॅनल बसवता येते, पण साठवायला वस्तुमान नसल्याने रात्री खिडक्या उघडून हवा खेळवावीच लागते.

दोन धोके आहेत. फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीत 2017 साली लागलेल्या आगीत 72 माणसे दगावली. आग पसरली ती इमारतीला बाहेरून चढवलेल्या ज्वलनशील आवरणावरून. घरात फोम उघडा ठेवू नये. वर प्लास्टर किंवा अग्निरोधक तक्ता हवाच. दुसरा धोका आकाशातला: फोम फुगवायला पूर्वी ओझोनला घातक वायू वापरत. त्यातला एचसीएफसी-141बी भारताने 2020पासून बंद केला; आता सायक्लोपेंटेनसारखे पर्याय आहेत.

केंद्राच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’ने छतातून उष्णता जाण्याची मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश 1.2 वॅट ठरवली. उघडा स्लॅब तीनच्या घरात जातो. पण ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. तालुक्याच्या गावातली बहुतेक घरे तिच्या बाहेर राहिली. तरी नियमाची वाट कशाला पाहायची? जुन्या गच्चीला आधी पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यावा. तो सर्वांत स्वस्त. नवे घर बांधताना मात्र सळई आणि सिमेंटच्या अंदाजपत्रकात फोमची एक ओळ तेव्हाच लिहावी. कोबा पडल्यावर ती लिहायची, तर आधी कोबा फोडावा लागतो.