लिनक्स कर्नेलमधील उपकरणांचे मेमरी मॅपिंग
नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड इत्यादी उपकरणांची रजिस्टरे व त्यांच्यावरील मेमरी कर्नेलच्या आभासी पत्त्यांशी जोडून ती ड्रायव्हरला उपलब्ध करून देणे, यास उपकरणाचे मेमरी मॅपिंग म्हणतात. हे पत्ते वरकरणी रॅमच्या पत्त्यांसारखेच दिसतात. मात्र काही उपकरणांत स्थितिदर्शक रजिस्टर नुसते वाचल्यानेही त्यातील नोंद पुसली जाते.

यामुळे आयओरीमॅप हे फंक्शन कॅशविरहित मॅपिंग देते. रजिस्टर कॅशमध्ये राहिल्यास ड्रायव्हरला शिळी माहिती मिळेल आणि त्याने दिलेली आज्ञा कॅशमध्येच अडकून पडेल. आयओरीमॅप-नोकॅश हे वेगळे फंक्शनही तेच काम करत असल्याने २०२० मधील ५.६ या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. फ्रेमबफरसाठी मात्र कॅशविरहित लेखन फार संथ ठरते. तेथे राइट-कंबाइनिंग प्रकारचे मॅपिंग वापरतात. त्यात प्रोसेसर अनेक लेखने एकत्र करून पाठवतो. या प्रकारात लेखनांच्या क्रमाची हमी नसते, म्हणून आज्ञा-रजिस्टरांसाठी तो वर्ज्य आहे.

मॅप केलेला पत्ता सी भाषेतील साध्या पॉइंटरप्रमाणे न वापरता रीडएल, राइटएल यांसारख्या फंक्शनांद्वारे वापरणे अपेक्षित असते, कारण कंपायलर साधी वाचने-लेखने गाळू किंवा मागेपुढे करू शकतो. तरीही राइटएल पूर्ण झाले म्हणजे आज्ञा उपकरणापर्यंत पोहोचली असे नव्हे. पीसीआय बसवरील मेमरी-लेखने वाटेतील पुलांमध्ये थांबून राहू शकतात. उपकरणाला रीसेटची आज्ञा देऊन ड्रायव्हर ठरावीक काळ थांबला, तरी ती आज्ञा तोवर वाटेतच असू शकते. असा दोष क्वचितच प्रकटतो व शोधण्यास अवघड जातो. त्यावर उपाय म्हणून लेखनानंतर त्याच उपकरणाचे एखादे निरुपद्रवी रजिस्टर वाचतात. त्या वाचनाचे उत्तर येण्यापूर्वी आधीची लेखने उपकरणापर्यंत पोहोचावी लागतात.

सर्वांत जोखमीचा निर्णय म्हणजे ही रजिस्टरे एमएमॅपद्वारे वापरकर्त्याच्या प्रोग्रामला थेट देणे. यात प्रत्येक वेळी कर्नेलला हाक मारण्याचा वेळ वाचतो. परंतु संरक्षणाचे एकक पान असते, व एक्स८६ वर ते किमान ४ किलोबाइटचे असते. एका रजिस्टरासाठी दिलेल्या पानातील इतर सर्व रजिस्टरेही प्रोग्रामच्या हाती जातात. म्हणूनच काही इन्फिनीबँड कार्डांत प्रत्येक प्रोग्रामसाठी सूचना-रजिस्टरांचे स्वतंत्र पान राखलेले असते. शिवाय डीएमए करणारे उपकरण हाती आलेला प्रोग्राम त्याच्याकरवी इतरांची मेमरीही वाचू शकतो. २००७ मध्ये कर्नेलमध्ये आलेल्या यूआयओ या व्यवस्थेत याविरुद्ध संरक्षण नव्हते. २०१२ मधील ३.६ आवृत्तीतील व्हीएफआयओने आयओएमएमयूच्या साहाय्याने उपकरणाची पोहोच ठरावीक मेमरीपुरती मर्यादित केली.