प्राण्यांचे रक्त आणि यंत्राचा आकडा : रक्तपेशीगणनेची परीक्षा कशी करावी?

आयुर्वेदीय औषधांची सुरक्षितता सिद्ध करताना ग्रंथप्रामाण्याला प्रयोगशाळेच्या अहवालाची जोड द्यावी लागते, हे औषधनिर्मात्यांना आता नवे राहिलेले नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २०१० साली १५८-बी हा नियम समाविष्ट झाला. अनुसूची ई(१) मधील विषवर्गीय द्रव्ये असलेल्या स्वामित्वाच्या कल्पांसाठी सुरक्षिततेचा अभ्यास त्यान्वये आवश्यक ठरला. असा अभ्यास बहुधा रॅट जातीच्या उंदरांवर होतो. ओईसीडीच्या ४०७ व ४०८ क्रमांकांच्या मार्गदर्शिकांत अनुक्रमे २८ व ९० दिवसांच्या मुखावाटे दिल्या जाणाऱ्या मात्रांचा अभ्यास सांगितला असून, दोहोंत रक्तपरीक्षण अनिवार्य आहे. अहवालात हिमोग्लोबिन, तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचे कोष्टक असते. त्यावरून आपल्या कल्पाचा निवाडा होतो. परंतु ज्या यंत्राने हे आकडे दिले ते यंत्र त्या प्राण्याच्या रक्तासाठी तपासलेले होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विचारात घेत आहोत.

यंत्र नेमके काय मोजते?

बहुसंख्य रक्तपेशीगणक यंत्रांचा पाया वॉलेस कूल्टर यांच्या तत्त्वावर उभा आहे. त्याचे अमेरिकन पेटंट १९५३ साली मिळाले. पातळ केलेले रक्त एका सूक्ष्म छिद्रातून ओढले जाते आणि छिद्रातून विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. पेशी छिद्रातून जाताना प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळ्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या आणि अडथळ्याचे मान म्हणजे पेशीचे आकारमान. पांढऱ्या पेशी मोजताना तांबड्या पेशी रसायनाने विरघळवतात. हिमोग्लोबिन मात्र स्वतंत्रपणे, रंगाच्या तीव्रतेवरून मोजले जाते.

याचा अर्थ असा की, यंत्राला पेशी दिसत नाही, तिचा केवळ आकार कळतो. ठराविक आकाराहून मोठा कण तांबडी पेशी आणि लहान कण प्लेटलेट, ही सीमारेषा यंत्र बनविणाऱ्याने आखलेली असते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या त्रिविध परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर यंत्राचा आकडा हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. हेतू चुकला की अनुमान चुकते.

जातीजातींतील अंतर

मानवी तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर असते. कुत्र्यात ते सुमारे ६० ते ७७, रॅटमध्ये ५० ते ६०, गाईत ४० ते ६० आणि शेळीत अवघे १६ ते २५ असते. ३६ फेम्टोलिटरपेक्षा लहान कण तांबड्या पेशींत धरावयाचा नाही, अशी योजना अनेक मानवी यंत्रांत असते. अशा यंत्रात शेळीचे रक्त घातले तर बहुतांश तांबड्या पेशी गणनेतून निसटतात आणि त्यांतील बऱ्याचशा प्लेटलेटच्या खात्यात जमा होतात. निरोगी शेळी कागदावर पांडुरोगी ठरते. मांजराची अडचण उलट आहे. त्याच्या प्लेटलेट मोठ्या असतात, शिवाय त्यांच्या गुठळ्या सहज होतात, त्यामुळे त्यांची संख्या खोटीच कमी दिसते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते. पेशी विरघळली तरी केंद्रक उरते आणि यंत्र त्याला पांढरी पेशी समजते.

सुदैवाने अशी चूक पकडण्याची एक सोपी खूण अहवालातच असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत हिमोग्लोबिनच्या सुमारे तिप्पट रक्तपेशींचे घनप्रमाण, म्हणजे पीसीव्ही, असते. हिमोग्लोबिन १० असता पीसीव्ही ३० च्या जवळपास अपेक्षित आहे. ते १५ दिसले तर प्राण्यापेक्षा यंत्राविषयी शंका घ्यावी. उंटवर्गातील प्राणी या नियमाला अपवाद आहेत.

वाचनातही सावधानता हवी. रॅटच्या प्लेटलेट एका मायक्रोलिटरमध्ये १० लाखांच्या घरात असणे स्वाभाविक आहे आणि त्याच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइटचे प्राबल्य असते. मानवी प्रमाण लावून हे कोष्टक वाचल्यास निरोगी रॅटही रोगी वाटेल.

यंत्राची परीक्षा

भस्म वारितर, रेखापूर्ण व निरुत्थ आहे की नाही हे पाहिल्यावाचून आपण ते स्वीकारत नाही. यंत्राचीही अशी परीक्षा असते. आयसीएसएच या आंतरराष्ट्रीय संस्थेने रक्तपेशीगणक यंत्रांच्या मूल्यमापनासाठी १९९४ व २०१४ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या. त्यांतील मुख्य कसोट्या प्राण्यांच्या रक्तालाही लागू पडतात.

पहिली कसोटी पुनरावृत्तीची. एकच नमुना लागोपाठ १० वेळा मोजून आकडे किती विखुरतात ते पाहतात. दुसरी अवशेषाची. दाट नमुन्यानंतर लगेच पातळ नमुना मोजून आधीचे रक्त यंत्रात किती उरते ते तपासतात. तिसरी रेषीयतेची. रक्त निम्मे पातळ केल्यास आकडाही निम्मा व्हावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी तुलनेची. त्याच प्राण्याच्या रक्ताचे घनप्रमाण सूक्ष्मनलिका फिरवून, पेशी न्यूबाउर कक्षात मोजून आणि पांढऱ्या पेशींचे प्रकार रक्तलेपावर सूक्ष्मदर्शकाने पाहून यंत्राच्या आकड्याशी ताडतात.

येथे एक फसगत टाळावी. 'सहसंबंध ०.९९' एवढे सांगून यंत्र अचूक ठरत नाही. जे यंत्र प्रत्येक वेळी २० टक्के कमी दाखवते त्याचाही सहसंबंध उत्तमच येतो. म्हणून ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ साली मांडलेल्या रीतीने दोन पद्धतींतील फरक पाहावा लागतो. हाताने केलेली गणनाही निर्दोष नसते. १०० पांढऱ्या पेशी मोजून इओसिनोफिल ५ टक्के आढळल्या, तरी खरे प्रमाण १ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. म्हणून २०० किंवा अधिक पेशी मोजाव्यात.

तुलनागट पुरेसा का नाही?

यंत्र चुकत असेल तर ते औषध दिलेल्या व न दिलेल्या अशा दोन्ही गटांत सारखेच चुकेल, मग फरक खराच निघेल, असा युक्तिवाद केला जातो. औषधाने पेशींचा आकार बदलत नसेल तोवर तो ग्राह्य आहे. समजा, एखाद्या शिसेयुक्त कल्पाची सिद्धी अपुरी राहिली. शरीरात साचलेल्या शिशाने हिमोग्लोबिनची घडण अडते आणि तांबड्या पेशी लहान होऊ लागतात. लहान पेशी सीमारेषेखाली घसरतात आणि यंत्राची चूक औषध दिलेल्या गटातच वाढते. प्लेटलेट वाढल्याचे दिसते, ती वाढ खरी नसते. शिशाच्या बाधेत तांबड्या पेशींत दिसणारे निळसर ठिपके यंत्राच्या आकड्यांत येतच नाहीत. ते रक्तलेपावरच दिसतात. येथे पणाला लागते ते कल्पाचे नाव आणि तो घेणाऱ्या रुग्णाचे आरोग्य, दोन्ही.

पशुचिकित्सेतही हेच खरे आहे. संकरित गाईंतील थायलेरिया किंवा बबेसिया यांचे परजीवी तांबड्या पेशींत असतात. यंत्र पांडुता सांगेल, परंतु तिचे कारण रक्तलेपच दाखवील.

औषधनिर्मात्यांना विनंती

अभ्यासाचे काम सोपविण्यापूर्वी प्रयोगशाळेस पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. यंत्रात त्या प्राण्यासाठी स्वतंत्र मापनयोजना आहे काय? त्या प्राण्याच्या रक्तावर यंत्राची तुलना केव्हा झाली व तिचे निष्कर्ष काय? नियंत्रण द्रव रोज तपासून त्याची नोंद ठेवतात काय? सर्व गटांचे नमुने मिसळलेल्या क्रमाने मोजतात काय? आधी एक गट व तासांनंतर दुसरा मोजल्यास साठवणीत फुगलेल्या पेशींमुळेही गटांत फरक पडतो. शेवटी, प्रत्येक प्राण्याचा रक्तलेप जपून ठेवतात काय? काचपट्टीला खर्च अल्प लागतो आणि शंका आल्यास पुढेही ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते.

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अहवाल अनुकूल असो वा प्रतिकूल, त्यावरून कल्प बाजारात आणण्याचा किंवा मागे घेण्याचा निर्णय घेऊ नये, असे आमचे मत आहे.