आधी पत्रा देख

फोनवर आलेल्या फोटोत पद्मिनी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी चमकत होती. न्हालीच होती, बोनेटवर थेंब दिसत होते. ओली गाडी फोटोत नेहमीच देखणी दिसते, ओरखडे अन् डाग पाण्याखाली जातात. विकाऊ गाडी मुंबईला, घेणारा मी एरंडोलला. मध्ये साडेतीनशेहून जास्त किलोमीटर. हायवेलगतच्या मिस्तरींना फोटो दाखवले, तर इंजिनाच्या फोटोवर त्यांचं बोट थांबलंही नाही. म्हणाले, "भाऊ, पहिले पत्रा देख."

मला ते उलटं वाटलं. पण पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते, सगळा भार बॉडीच पेलते. १०८९ सीसीचं इंजिन उतरवून बोअर करता येतं. खालचा पत्रा सडला तर कणाच गेला. त्यात मुंबईची हवा खारी. आपल्या खानदेशी उन्हात रबर तडकतं, डॅशबोर्डचा रंग उडतो, पत्रा मात्र तग धरतो. म्हणून गाडी किती चालली याच्याही आधी ती कुठल्या हवेत उभी होती, ते विचारावं.

हिचं माहेर मुंबईच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. 'घरची, एकहाती' म्हणून दाखवलेली गाडी मुळात टॅक्सी नव्हती ना, हेही बघावं. दाराचं रबरी बीडिंग बोटाने उचलायचं. आत पिवळा रंग दिसला की समजायचं.

कागद घरबसल्या तपासता येतात. एम-परिवहनवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत आणि कर्जाचा बोजा कळतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी आपल्या एमएच-१९ मध्ये आणायची तर आधीच्या आरटीओची एनओसी हवी. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. हौसेपायी हा नंबर घेणाऱ्याने याचा आधी विचार करावा. गाडीपाशी पोचल्यावर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा आरसी बुकाशी ताडायचा. एखादा आकडा घासल्यासारखा वाटला, तर पुढचं काही बघायलाच नको.

बाकीचंही तिथं गेल्याशिवाय कळत नाही. आम्ही रातराणीने निघालो. मिस्तरींच्या खिशात कंपासपेटीच्या झाकणातलं चुंबक, फडक्यात गुंडाळलेलं. मोठं चुंबक का नाही? कारण जोरदार चुंबक पुट्टीच्या पातळ थरावरूनही पत्रा धरतं, कमजोर चुंबक लबाडी उघडी पाडतं.

पोचलो तेव्हा सकाळचे सात. मिस्तरींनी आधी बोनेटवर तळहात ठेवला. गरम! मालकाने आम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला खरं बोलतं: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय म्हणजे बहुतेक पाणी मिसळतंय. आम्ही थांबलो. दोन चहा झाले. तोवर टायर वाचले. बाजूवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर म्हातारं.

इंजिन निवल्यावर एका झटक्यात चालू झालं, धूरही नाही. मी खुशीत मिस्तरींकडे बघितलं. ते दाराखाली उकिडवे बसून रनिंग बोर्डावर चुंबक सरकवत होते. पुढच्या चाकाजवळ ते चिकटलं, वीतभर मागे गेल्यावर गळून पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. त्यांनी मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. पत्र्याचा टणटण आवाज नाही, मातीच्या भिंतीवर ठोकल्यासारखा दबका.

"हा कालच पेंट केलाय," मालक म्हणाले.

"दिसतंय ना साहेब," मिस्तरी म्हणाले आणि चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात टाकलं.